तरुण कुत्र्यास येणारे झटके

प्रश्न : आमचा 14 महिन्यांचा कुत्रा महिन्याभरात दोनदा पहाटे अकस्मात आडवा पडून पाय झाडू लागला, तोंडास फेस आला. शेजारी कांदा हुंगवावयास सांगतात. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ही लक्षणे अपस्माराची दिसतात, आणि 6 महिने ते 6 वर्षे या वयात प्रथम झटका आलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या कुत्र्यात हा विकार पुष्कळदा आनुवंशिक असतो, तथापि लस न टोचलेल्या जनावरात डिस्टेंपर, तसेच विषबाधा वा रक्तातील साखरेची घट यांची पशुवैद्याकडून शहानिशा होणे अगत्याचे आहे.

झटका चालू असता कांदा, चप्पल वा पाणी यांचा काडीमात्र उपयोग नसून, कुत्रा स्वतःची जीभ गिळत नसल्यामुळे, त्याच्या तोंडात बोट घालणे म्हणजे कडकडून चावा ओढवून घेणे होय. सबब दिवा मंद करावा, जवळचे सामान दूर सारावे, आणि घड्याळाकडे पाहावे. शुद्धीवर येताना तो भिंतीला धडकेल, कदाचित आपणांसही ओळखणार नाही. ती भ्रांती ओसरेपर्यंत त्यास गोंजारण्याची घाई करू नये. झटका 5 मिनिटांहून अधिक लांबल्यास, किंवा 24 तासांत दुसरा आल्यास, त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ व अवधी वहीत नोंदवावा. पशुवैद्याने झटके रोखणारे फेनोबार्बिटल सुरू केल्यास त्याचा अंमल स्थिरावण्यास सुमारे 2 आठवडे लागतात. हे औषध बहुधा जन्मभर चालते, आणि कुत्रा बरा दिसतो म्हणून ते परस्पर बंद करण्याइतकी घातक कसूर दुसरी नाही.