साडेसात मिलिलिटर रक्त आणि बायोलॉजीची वाट

‘नीटमध्ये मार्क कमी पडले. आता बायोलॉजी घेऊन हिनं करायचं काय?’ जून उजाडला की हा प्रश्न घेऊन पालक येतात, मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते. अशा वेळी मी त्यांना रक्ताच्या एका नळीबद्दल सांगते.

कॅन्सरच्या गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात उतरतात. ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांनी 1869 मध्येच त्या पाहिल्या होत्या. त्या मोजणाऱ्या ‘सेलसर्च’ चाचणीला अमेरिकेत परवानगी मिळाली ती मात्र 2004 मध्ये. साडेसात मिलिलिटर रक्तात लाल पेशी अब्जावधी आणि शोधायच्या पेशी कधी दोन, कधी दहा! अँटिबॉडी लावलेले लोहकण त्यांना चिकटतात, चुंबक त्यांना बाजूला ओढतो. मग तंत्रज्ञ पडद्यावर एकेक चित्र तपासतो. केंद्रक दिसतंय? केराटिन हे प्रथिन आहे? पांढऱ्या पेशीची खूण नाही ना? तिन्ही जुळलं तरच ती पेशी मोजायची. शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर धोका अधिक मानतात. चार की पाच, यावर अहवाल फिरतो. या चाचणीची नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते आणि 96 तासांत तपासावी लागते. इथे हुशारीपेक्षा शिस्त जास्त लागते, हे मुलांनी आधीच जाणून घ्यावं.

आणखी एक गोष्ट मी लपवत नाही. केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही या पेशी कमी झाल्या नाहीत म्हणून लगेच औषध बदललं, तरी रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, असं 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. नुसती संख्या धोका सांगते, औषध सांगत नाही. त्यासाठी त्या पेशींमधली जनुकं वाचावी लागतात. पुढची कामं तिथेच आहेत.

ही कामं एकट्या डॉक्टरची नाहीत. लॅबमध्ये बीएस्सी एमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी) झालेले तंत्रज्ञ लागतात, जनुकं वाचायला बायोटेक्नॉलॉजीवाले, चित्रं आणि आकडे तपासायला बायोइन्फर्मेटिक्सवाले, यंत्रांसाठी बायोमेडिकल इंजिनिअर. म्हणून बारावीला जमत असेल तर गणित सोडू नका. पुणे विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. पदवीनंतर जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सीला जाता येतं. कॅन्सरवर पीएचडी करायची तर खारघरची ॲक्ट्रेक ही कॅन्सर संशोधन संस्था आपल्या दारातच आहे. रक्तातल्या या पेशींवर काम करणाऱ्या कंपन्या नाशिकला आणि पुण्यातही आहेत.

पालकांनो, नुसत्या बायोटेक बीएस्सीवर चांगली नोकरी क्वचितच मिळते. निदान एमएस्सीपर्यंतचा खर्च आणि पाच वर्षांचा धीर धरूनच या वाटेला लागा. आणि कुठेही फी भरण्याआधी ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मुलीला दिवसभर बसू द्या. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं काय पाहिलं ते विचारा, आणि मध्येच न बोलता ऐका.