आंब्याच्या पेटीतील श्वसन



रत्नागिरी जिल्ह्यात हापूसची काढणी साधारणपणे मार्चपासून मेअखेरपर्यंत चालते. मोहोर टिकवणे, तुडतुड्यांचा बंदोबस्त, राखण यांवर बागायतदार मोठा खर्च करतो. मात्र फळ एकदा झेल्यात आले की आपले काम संपले, अशी समजूत अजूनही बऱ्याच ठिकाणी आढळते. वास्तविक झाडावरून उतरलेला आंबा जिवंत असतो आणि त्याचे श्वसन चालू असते. देठ तुटताच मुळांकडून येणारे पाणी आणि पानांकडून येणारे अन्न बंद होते, परंतु साठवलेल्या पिष्टाचा व साखरेचा वापर थांबत नाही. जमा बंद आणि खर्च चालू, अशी त्याची अवस्था होते.

हा खर्च कसा होतो हे आपल्या घरातील दहावीचा विद्यार्थी सांगू शकेल. ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन हे दोन शब्द तो विज्ञानाच्या तासाला शिकतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे शब्द आपल्या पेटीला लावून पाहिले, तर पेटीत माल का खराब होतो याचा बराच उलगडा होतो.

साखर जळण्याच्या दोन वाटा

प्रत्येक जिवंत पेशी ग्लुकोज नावाच्या साखरेपासून ऊर्जा मिळवते. पहिली पायरी पेशीद्रव्यात होते आणि तिला हवा लागत नाही. तेथे ग्लुकोजच्या एका रेणूचे पायरुविक आम्लाचे दोन रेणू होतात व एटीपी या ऊर्जावाहक पदार्थाचे २ रेणू हाती येतात. येथून वाट फुटते. प्राणवायू मिळत असेल तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जाऊन पूर्णपणे जळते. हे ऑक्सिश्वसन होय. जुन्या पुस्तकांत यातून ३८ एटीपी मिळतात असे दिलेले असे. नव्या मोजणीनुसार हा आकडा ३० ते ३२ धरतात. प्राणवायू नसेल तर मात्र त्या सुरुवातीच्या २ एटीपींवरच भागवावे लागते आणि उरलेल्या पदार्थाची फळात मद्यार्क व कर्बवायू अशी फोड होते. हे विनॉक्सिश्वसन. आपल्या स्नायूंत अशा वेळी मद्यार्काऐवजी लॅक्टिक आम्ल तयार होते, एवढाच फरक.

चुलीचे उदाहरण घ्या. फुंकणीने हवा मिळाली की लाकूड पूर्ण जळते आणि राख उरते. तेच लाकूड मातीखाली दडपून धुमसत ठेवले तर कोळसा उरतो, म्हणजे जळण्याजोगे बरेच काही शिल्लक राहते. मद्यार्क हा साखरेचा असाच अर्धवट जळलेला अवशेष आहे. तो पेटवला तर पेटतो, यावरून त्यात किती ऊर्जा उरलेली असते ते कळते.

वजनाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळण्यास १९२ ग्रॅम प्राणवायू लागतो. त्यातून २६४ ग्रॅम कर्बवायू, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा निघते. तेवढ्याच ग्लुकोजची हवेविना फोड झाली तर ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कर्बवायू मिळतो. शेजारच्या गोव्यात काजूच्या बोंडूंचा रस आंबवून फेणी काढतात ती याच दुसऱ्या वाटेने. तेथे हे काम यीस्ट करते. फेणीला जे हवे असते ते आंब्याच्या पेटीत नको असते, आणि पेटी बंदिस्त केली की आपण नकळत तेच घडवून आणतो.

पेटी गरम का होते?

श्वसनातून निघालेली ऊर्जा अखेरीस बहुतेक सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. आंब्याचे श्वसन १३ अंश सें. तापमानाला दर किलोस दर तासाला साधारण १५ ते २२ मिलिलिटर कर्बवायू एवढे असते. २० अंशाला तेच ३५ ते ८० मिलिलिटरवर जाते. यावरून हिशेब केला तर २० अंशाला ठेवलेला एक टन आंबा दिवसाला सुमारे ४,३०० ते ९,८०० किलोकॅलरी उष्णता सोडतो आणि एक ते अडीच किलो साखर खर्च करतो. एक टन पाणी एक अंशाने तापवण्यास १,००० किलोकॅलरी लागतात. म्हणजे उष्णता बाहेर पडण्यास वाट ठेवली नाही, तर मालाचे तापमान दिवसात चार-पाच किंवा त्याहूनही अधिक अंशांनी चढू शकते. तापमान चढले की श्वसन आणखी वाढते आणि श्वसन वाढले की पुन्हा तापमान चढते. हे चक्र चालू होऊ न देणे, यातच काढणीनंतरच्या हाताळणीचे सारे मर्म आहे.

एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील दुपार २० अंशाची नसते, हे सांगावयास नको. म्हणून चौदा आणे तयार झालेली फळे सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी उतरवावीत. काढणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला वापरल्यास फळ देठासह निघते, आपटत नाही आणि चिकाने डागाळत नाही. आपटलेल्या वा खरचटलेल्या फळाचे श्वसन चांगल्या फळापेक्षा जास्त असते व ते लवकर पिकते. असे एक फळ पेटीत राहिले तर त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे भोवतालची फळेही वेळेआधी पिकू लागतात. उतरवलेली फळे ताबडतोब सावलीत, हवेशीर जागी न्यावीत. झाडाखाली उन्हात ढीग घालून पेट्या येईपर्यंत वाट पाहणे हा सर्वांत महाग पडणारा आळस होय.

पेटी भरताना हवेची छिद्रे कागदाने किंवा पेंढ्याने बुजणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. फळाला चकाकी यावी म्हणून काही जण आतून प्लॅस्टिकचा अखंड कागद लावतात. त्याने फळाचे पाणी कमी उडते हे खरे, पण आतील प्राणवायू संपत जातो. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. पेटीत तो २ टक्क्यांच्या खाली गेला किंवा कर्बवायू १० टक्क्यांच्या वर गेला की आंबा विनॉक्सिश्वसनाकडे झुकतो. अशा फळाला आंबूस, दारूसारखा वास येतो आणि पिकण्यात बिघाड होतो. बाहेरून साल ठीक दिसते, त्यामुळे दोष ग्राहकाच्या घरी फळ कापल्यावरच उघडकीस येतो. मेणाचा थर जाड झाला तरी हाच परिणाम होतो. वाशीला जाणाऱ्या गाडीत पेट्यांच्या रांगांमध्ये हवा खेळेल एवढी फट ठेवावी आणि ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळू नये.

गारव्याने श्वसन मंदावते, परंतु त्यालाही मर्यादा आहे. कच्चा हापूस १२ ते १३ अंशांच्या खाली अधिक दिवस ठेवल्यास त्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही.

अढी आणि पिकवणगृह

पिकताना आंब्याचे श्वसन एकदम वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते. आपले वाडवडील पेंढ्याच्या थरांत अढी घालत आणि मधून मधून ती उघडून फळे चाळत. पिकलेली निवडून काढणे हा उद्देश होताच, पण त्यामुळे साचलेली ऊब व कर्बवायूही बाहेर पडे. या जुन्या रिवाजात हवेचे भान होते.

पिकवणगृहात इथिलीन वायू वापरतात. दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे आणि ते कोणत्याही सबबीवर वापरू नये. कर्बवायू सुमारे १ टक्क्याच्या वर साचला तर इथिलीनचा परिणाम मंदावतो. म्हणून खोली ठरावीक वेळाने उघडून हवा बदलावी लागते. भरलेल्या बंद खोलीत शिरण्यापूर्वी दारे उघडून थोडा वेळ थांबावे. आतील कर्बवायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो.

आंबा संपतो तोच भाताचे बियाणे भिजत पडते. ते भिजवून, उपसून, गोणपाटाखाली मोड येण्यासाठी ठेवले की ढीग आतून कढत होतो. तीही श्वसनाचीच ऊब. ढीग उंच करू नये, अधूनमधून पाणी शिंपडून खालीवर करावा, नाहीतर मधले बियाणे गुदमरून आंबते. रोपे चिखलात उभी राहतात ती खोडातून मुळांपर्यंत हवा पोहोचवणाऱ्या पोकळ्यांच्या बळावर. आंब्याच्या कलमाजवळ अशी सोय नाही, म्हणून पावसाळ्यात आळ्यात पाणी साचू देऊ नये.

मुलांकडून करून घेण्याजोगे प्रयोग

मुलांना हे सारे घरीच दाखवता येते. मोठ्या काचेच्या बरणीत पाडाचे दोन आंबे आणि वाटीभर चुन्याची निवळी ठेवून झाकण घट्ट लावावे. शेजारी दुसऱ्या बरणीत फक्त निवळी ठेवावी. काही तासांत पहिल्या बरणीतील निवळी दुधाळ होते, कारण आंब्याने सोडलेला कर्बवायू तिच्यात मिसळतो. दुसरीत विशेष फरक पडत नाही. हात लावण्यापूर्वी मुलांना कारण लिहून काढण्यास सांगावे.

दुसरा प्रयोग मोड आलेल्या मुगांचा. थर्मासमध्ये ओले मूग भरून तोंडाशी कापसाचा बोळा आणि त्यातून तापमापक खोचावा. दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेले मूग भरावेत. सकाळ-संध्याकाळ दोहोंची नोंद ठेवावी. जिवंत मुगांचा पारा वर चढलेला दिसेल.

तिसरा प्रयोग बागायतदाराने स्वतः करावा. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी उतरवलेल्या बारा फळांपैकी सहा फळे तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि सहा छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत, एकाच खोलीत ठेवावीत. पाच-सहा दिवसांनी पिशवी उघडताच प्रथम वास घ्यावा, मग दोन्हीकडचे एकेक फळ कापून घरातल्यांना न सांगता चाखावयास द्यावे.