कोर्स खुशाल कर, पण चलानावर चिडू नकोस

चिमे, परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जास्त वेगाबद्दल दोन हजारांचं चलान आलं म्हणून वैताग, आणि पुढच्या महिन्यात ॲडव्हान्स ड्रायव्हिंगचा कोर्स करायचा बेत. वर म्हणालीस, "यांना नुसते पैसे उकळायचेत गं ताई. लोकांना नीट गाडी शिकवली तर कॅमेरे लागणारच नाहीत." मागे पिल्लू रडत होतं, म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. आता निवांत वाच.

तुझा राग कुठून येतो ते मला कळतं. आपल्याकडे गाडी कशी शिकवतात ते तूही पाहिलं आहेस. शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच. चौकात गाडी थांबली की ती आपल्या पायाने थांबली की त्यांच्या, हे शिकणाऱ्याला समजतसुद्धा नाही. रात्र नाही, पाऊस नाही, घाट तर नाहीच. मैदानावर आठचा आकडा काढला की पक्कं लायसन हातात. हे सुधारायलाच हवं, यात वाद नाही. पण शिकवणं सुधारलं की अपघात आपोआप कमी होतील, असं जे तू धरून चालतेस ना, ते खरं ठरलेलं नाही.

हे लोकांनी तपासून पाहिलंय गं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब परगण्यात 1970 च्या दशकाच्या शेवटी सोळा हजारांवर शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. काहींना भरपूर शिकवणी दिली, काहींना जेमतेम, काहींना शाळेतून काहीच नाही. पुढे त्यांच्या अपघातांत टिकेल असा फरक दिसला नाही. नॉर्वेत तर नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं खास शिक्षण सक्तीचं केलं, आणि तरुण मुलग्यांचे तसल्या रस्त्यांवरचे अपघात उलट वाढले. घसरली तरी सावरू, असा भरवसा आला की पाय आपसूक जास्त दाबला जातो. तुझ्या कोर्सबद्दल मला भीती आहे ती एवढीच. तिथून तू हुशार होऊन येशील, पण त्या हुशारीच्या जोरावर शंभरची एकशेदहा करशील.

शिवाय वेगात जाणाऱ्याला गाडी येत नसते असं थोडंच आहे? बहुतेकांना छान येते. मर्यादा किती हे ठाऊक असतं, पाटी दिसलेली असते. घाई असते, रस्ता मोकळा दिसतो, आणि आजवर काही झालेलं नसतं. यातलं काही शिकवणीने जात नाही. आपल्या देशात 2022 साली 1 लाख 68 हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यातल्या दहातल्या सात मृत्यूंमागे अतिवेग होता.

आता जरा हिशेब कर, तू गणितात माझ्यापेक्षा बरी होतीस. ताशी 80 ने जाणारी गाडी आणि 100 ने जाणारी गाडी शेजारी-शेजारी आहेत. पुढे अचानक ट्रक आडवा दिसतो. दोघींना ब्रेकवर पाय न्यायला एक सेकंद लागला. त्या एका सेकंदात पहिली 22 मीटर पुढे गेली, दुसरी 28. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत. 80 वाली साधारण 57 मीटरवर ट्रकच्या अगदी जवळ येऊन थांबते. त्याच जागी 100 वालीचा वेग अजून ताशी 65-70 असतो! म्हणजे एक बाई घाबरून का होईना, घरी जाते, आणि दुसरी सत्तरच्या वेगाने ट्रकखाली. फरक फक्त वीसचा. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, म्हणून हे असं होतं, आणि कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी हे गणित त्याला माफी देत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो.

कॅमेऱ्यांचं म्हणशील तर अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर अपघात कुठे 11 टक्के, कुठे 44 टक्क्यांपर्यंत कमी झालेले दिसले. फ्रान्सने 2003 मध्ये आपोआप चलान पाठवणारे कॅमेरे लावले. त्याआधी तिथे वर्षाला सात हजारांवर माणसं मरत होती, ती दोन-तीन वर्षांत पाच हजारांच्या घरात आली. श्रेय एकट्या कॅमेऱ्यांचं नव्हे, दारूवरची तपासणीही कडक झाली होती. पण आपण पकडले जाणारच, हे लोकांच्या डोक्यात बसलं, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. दंड किती यापेक्षा तो चुकणार नाही, याचा धाक जास्त. आपल्या द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांच्या कमानी लागल्यात, त्या दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजतात. तेव्हा कमान दिसली की ब्रेक आणि पुढे गेलं की पुन्हा सुसाट, हे आता चालायचं नाही.

आणि एक सांगू? आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे अभिनेते याच रस्त्यावर गेले ती 2012 च्या डिसेंबरातली रात्र आठवते ना? पेंडसेंचं लहानगं बाळही गेलं. समोरचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. तिथे गाडी चालवणाऱ्याचं कौशल्य काय करणार? दुसऱ्याला आवरायचं तर नियम आणि मजबूत दुभाजकच लागतात. पिल्लूला घेऊन तू त्याच रस्त्याने येतेस, म्हणून मला कमान दिसली की हायसं वाटतं.

शिकवण्याची खरी गरज कुठे आहे सांगू? बोरघाट उतरणाऱ्या ट्रकवाल्यांना. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन उतारावर धरेनासे होतात. खालच्या गिअरमध्ये उतरायचं, हे त्यांच्या हाडीमाशी मुरवायला हवं. तो ट्रक तुझ्या मागे असतो गं.

तेव्हा कोर्स कर, पण आधी विचार काय शिकवतात. अंतर राखणं, रात्रीचं आणि पावसातलं चालवणं, घाट उतरणं असेल तर पैसे भर. गाडी घसरवून सावरायच्या करामती असतील तर नको. चलानाचा फोटो महाट्रॅफिक ॲपवर बघून घे, चुकीचं असेल तर तिथेच तक्रार नोंदव, बरोबर असेल तर भरून टाक. आणि शुक्रवारी इकडे यायला पंधरा मिनिटं आधी नीघ. 94 किलोमीटरला 100 ने 56 मिनिटं लागतात, 120 ने 47. वाचून वाचणार नऊच मिनिटं, तीही घाटात जातात. जेवायला मी थांबेन, उशीर झाला तरी चालेल. मागच्या सीटवरही पट्टा लाव, पिल्लूची खुर्ची नीट बांधलीय ना बघ, आणि खालापूरला चहाला थांबलीस की मला एक मेसेज टाक.