तरणतलावाच्या काठचा ठसेदार कोबा : गवंडी बांधवांसाठी एक हुन्नर

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या अंगाला जुने बदलापूर गाव आहे. तेथून बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत भातशेतीच्या जागी बंगले व फार्महाऊस उभी राहिली असून त्यांपैकी काहींच्या आवारात लहान तरणतलाव आहेत. तलाव बांधणारा ठेकेदार काम संपवून निघून जातो. तलावाभोवतीचा काठ, ज्याला धंद्यात 'डेक' म्हणतात, तो दोनेक पावसाळ्यांत तडे जाऊन पोपडे धरू लागतो, आणि मालक जवळपासचा मिस्त्री शोधू लागतो. तलाव ही चैन की गरज, हा वाद येथे नको. काठावर घाम गाळणाऱ्याची मजुरी हलाल आहे, एवढे आपल्याला पुरे.

हे काम आपल्या गवंड्यांना अगदीच अनोळखी नाही. ओल्या कोब्यावर दोरी दाबून चौकोन पाडायचे, म्हणजे पाय घसरत नाही, ही युक्ती मोऱ्या, ओटे आणि इमारतींच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ब्रॅड बोमन यांनी १९५०च्या दशकात याच कल्पनेचा धंदा केला. दोरीऐवजी दगड, वीट, फरशी यांच्या नक्षीचे मोठे ठसे, आणि सिमेंटच्या करड्या रंगाऐवजी वरच्या थरात मुरवलेला रंग. आज हे ठसे पॉलियुरेथेनचे असतात. आखातातील व्हिलांवर अशी कामे करून परतलेले कारागीर ठाणे-रायगडमध्ये आहेत; त्यांना तर फक्त येथील पाऊस आणि माती समजून घ्यायची आहे.

काठ फुटतो तो बहुधा खालून. तलाव खोदताना भिंतीबाहेर रिकामी राहिलेली जागा निघालेल्याच मातीने भरली, की ती पहिल्या पावसात बसते आणि वरचा स्लॅब अधांतरी राहतो. तेथे मुरूमच भरावा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. त्यावर सोलिंग व चार इंचांचे एम-२० काँक्रीट. ढाळ तलावाकडे नव्हे, तलावापासून बाहेर, फुटाला पाव इंच. तलावाची कड आणि काठ एकमेकांना चिकटवू नयेत. मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती पॉलिसल्फाईड सीलंटने भरावी. तडा जाणारच, म्हणून तो कोठे जावा हे आपणच ठरवायचे : दर आठ-दहा फुटांवर एक इंच खोल सांधा, काँक्रीट टाकल्यापासून एका दिवसाच्या आत कापलेला. काठात लोखंडी जाळी असेल तर ओतण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून ती तलावाच्या अर्थिंगला जोडून घ्यावी. ओल्या अंगाच्या मुलाचा येथे जीव जाऊ शकतो.

आता मापाचा हिशेब. २० बाय १० फुटांच्या तलावाभोवती चार फूट रुंद काठ म्हणजे २८ गुणिले १८, वजा २०० : ३०४ चौरस फूट, अर्थात सुमारे २८ चौरस मीटर. चार इंच जाडीला साधारण २.८ घनमीटर काँक्रीट लागते. एकास दीड, तीन या प्रमाणात घनमीटरला आठ गोण्या धरल्या तर २३ गोण्या सिमेंट. ५० किलोच्या गोणीला पाणी २५ लिटरच्या वर जाऊ नये, आणि रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. मजूर माल सैल व्हावा म्हणून एक डबा जास्त ओततो, आणि काठाचे आयुष्य तेथेच घटते. रंगीत हार्डनर चौरस मीटरला तीन किलोप्रमाणे ८५ किलो लागेल.

काँक्रीटवर आलेले पाणी पूर्ण विरल्यावरच हार्डनर दोन वेळा, आडवा आणि उभा, भुरभुरावा व रंध्याने घोटावा. पाणी दिसले की त्यावर कोरडे सिमेंट मारण्याची आपल्याकडची सवय येथे घातक आहे. तिने वर जी पातळ साय तयार होते, तीच पुढे पोपडा होऊन निघते. बोट दाबल्यावर पाव इंच खळगा पडेल पण माल बोटाला चिकटणार नाही, ही ठसे मारण्याची वेळ. ठशाखाली सुटण्याची पावडर टाकावी. उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी मिळते, म्हणून एकदम मोठा भाग ओतू नये. पावडर उडते, तोंडावर मास्क हवाच.

नवीन कामापेक्षा जुन्या काठाचे नूतनीकरण अधिक मिळते, आणि फसगतही तेथेच होते. प्रथम हातोडीने सगळा काठ ठोकून पाहावा. पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढलाच पाहिजे. त्यावर नवा थर म्हणजे सडक्या गिलाव्यावर रंग. मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब मुरला तर ठीक, मोत्यासारखा वर राहिला तर जुने सीलर किंवा तेल आहे, तेथे काहीही चिकटणार नाही. ॲसिडने धुण्यापेक्षा ग्राइंडर फिरवणे चांगले. ॲसिड वापरायचेच तर पाण्यात ॲसिड घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, आणि ओघळ तलावात जाऊ देऊ नये.

तडे खाचून भरता येतात, पण हलणारा तडा नव्या थरातूनही वर येतो. अशा ठिकाणी वर सांधाच ठेवावा. जुने सांधेही बुजवू नयेत, नव्या थरात त्याच रेषेवर कापावेत. जोडणीसाठी एसबीआर लेटेक्स किंवा ॲक्रिलिक घ्यावे. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात मिसळून वापरणारे मिस्त्री आहेत. सतत ओल्या जागी तो पुन्हा विरघळतो. पृष्ठभाग भिजवून साचलेले पाणी पुसावे, लेटेक्स-सिमेंटचा हात मारावा आणि तो चिकट असतानाच वरचा थर द्यावा. तो सुकला तर जोडणी न होता उलट दोन थर वेगळे राहतात. थर एकाच वेळी जाड न देता दोन-तीन पातळ हातांत द्यावा.

शेवटचा हात सीलरचा. मालकाला चकाकी आवडते, पण ओल्या अनवाणी पायाला चकाकी म्हणजे घसरण. सीलरमध्ये बारीक ग्रिट मिसळावे किंवा चकाकी न देणारा, आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकार वापरावा, आणि काठ ओला करून स्वतः अनवाणी चालून पाहावे. मशिदीच्या वजूखान्यातील गुळगुळीत लाद्यांवर वयस्कर नमाजींचे पाय घसरतात. तेथेही हेच ज्ञान उपयोगी पडेल. रंग फिकटच सुचवावा. बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गडद काठावर पाय ठेववत नाही.

कामाचा खरा मोसम पावसानंतर ते फेब्रुवारीपर्यंत. ओलसर काठावर सीलर मारला की तो दुधाळ होतो. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून १६ तास ठेवावा. खाली दव दिसले तर थांबावे. पावसाळ्यात काठाच्या दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करू नये. २६ जुलै २००५ आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हासचे पाणी कोठवर चढले, हे गावाने पाहिले आहे. जमिनीतले पाणी वर आले की रिकामा तलाव होडीसारखा उचलला जातो, आणि नुकसानीचे खापर शेवटी हात लावणाऱ्यावर फुटते.

म्हणून करार तोंडी नको. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि या धंद्यात बाकी रक्कम पुढच्या तारखेवर राहतेच. कोटेशनमध्ये जाडी, सिमेंटच्या गोण्या, हार्डनरचे किलो, काढावा लागणारा पोकळ भाग आणि सीलरचे हात वेगवेगळे लिहावेत. जुना तडा पुन्हा दिसू शकतो हे काम घेण्यापूर्वीच लिहून सांगावे. पाणी मारण्याचे दिवसही लिहावेत : साध्या सिमेंटला किमान सात, मिश्र सिमेंटला दहा, कोरड्या कडक उन्हात अनुक्रमे दहा व चौदा, असे भारतीय मानक ४५६ सांगते. रंगीत काठावर ओले गोणपाट टाकल्यास डाग पडतात, म्हणून तेथे फवारा किंवा क्युरिंग कंपाउंड. थोडी रक्कम पहिला पावसाळा होईपर्यंत मालकाकडे राहू देण्याची तयारी दाखवली, तर दर थोडा जास्त असूनही काम मिळते. सीलरचा हात दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. त्याची तारीख वहीत टिपून ठेवावी व दिवाळीच्या सुमारास मालकाला आठवण करावी.