क्लिपमागची माणसं

मराठी सिनेमा आणि मराठी विनोद यांचा मी जुना चाहता. पूर्वी हे वेड रविवारच्या दूरदर्शनवर आणि कॅसेटवर भागायचं, आता ते बरंचसं मोबाइलवरच्या क्लिप्सवर भागतं. सकाळी मित्रांच्या ग्रुपवर एखादा प्रसंग येतो, दुपारी तोच भाचीच्या स्टेटसला दिसतो. या पाहण्यातून जे हाती लागलं ते असं :

१. हसू आधी कागदावर जमतं.

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी जन्मलेली मुलं आज त्यातले संवाद न अडखळता म्हणतात, आणि त्यांतल्या अनेकांची या चित्रपटाशी ओळख क्लिप्समधूनच झालेली असते. ७० रुपयांचाच प्रसंग घ्या. घरमालक आपले पैसे मागतो आणि भाडेकरू धनंजय माने ते बुडाल्याचं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगतो. अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांनी तो अमर केला, यात वाद नाही. पण वाक्यं वसंत सबनीसांची आहेत. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणाऱ्या सबनीसांना उलटसुलट बोलण्यातली गंमत आतून ठाऊक होती. समोरच्यानं एक शब्द टाकायचा आणि दुसऱ्यानं तोच उचलून भलतीकडे न्यायचा, हे तमाशाच्या बतावणीतलं कसब त्यांनी पुण्यातल्या भाडेकरू-मालकाच्या भांडणात आणलं. चित्रपटाचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. गोष्ट तीच, घराची अडचण तीच, बायकांचे वेश तेच. तरी त्या हिंदी चित्रपटाची क्लिप मला आजवर कुणी पाठवल्याचं आठवत नाही. मराठीत तो टिकला तो बोलण्याच्या जोरावर. म्हणून एखादी क्लिप तिसऱ्यांदा पाहूनही हसू आलं, की मी ती कुणी लिहिली ते शोधतो.

२. मधली शांतता कापली की विनोद मेला.

हल्ली जुन्या प्रसंगांच्या रील्स करणारे लोक दोन वाक्यांमधली जागा काढून टाकतात. वेळ वाचतो, प्रसंग वीस सेकंदांत बसतो, आणि त्यातलं सगळं सत्त्व निघून जातं. अशोक सराफ वाक्य टाकण्याआधी क्षणभर थांबतात. तेवढ्यात समोरचा गाफील होतो आणि आपणही. ती जागा नटानं मोजूनमापून ठेवलेली असते. ती कापणाऱ्याला वाटतं आपण रिकामं काढलं.

दुसरा घाव उभ्या चौकटीचा. चित्रपट आडव्या पडद्यासाठी रचलेला असतो. दोन माणसं समोरासमोर उभी, मध्ये टेबल, मागे दारात तिसरा कान देऊन ऐकतोय. फोनच्या उभ्या पडद्यात हे बसवायचं तर कडा छाटाव्या लागतात आणि फक्त बोलणारा उरतो. आता सुधीर जोशींकडे पाहा. ऐकतानाचा त्यांचा चेहरा हाच अर्धा विनोद आहे : आधी विश्वास, मग शंका, मग संताप आणि शेवटी हतबलता. लक्ष्मीकांत बेर्डे दुसऱ्याच्या वाक्यावर डोळ्यांनी जे करायचे तेही असंच. बोलणाऱ्याला टाळी देणारे पुष्कळ असतात, पण मराठी विनोदी अभिनयाची खरी श्रीमंती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी नेहमी आडवी, न छाटलेली क्लिप शोधतो आणि पुढे पाठवतो तीही तशीच.

३. नावं लिहायला हवीत.

‘झपाटलेला’ १९९३ सालचा. तात्या विंचूची क्लिप कुणी पाहिली नाही असा मराठी माणूस विरळा. तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवला आणि गुंड तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांनी उभा केला, हे मात्र क्लिपखाली क्वचितच दिसतं. प्रभावळकरांचा चिमणराव आठवणाऱ्या पिढीला तरी हे आश्चर्य कळायला हवं की तो भाबडा चेहरा आणि हा थरकाप एकाच नटाचा आहे.

आणि लक्ष्मीकांत. ते गेले १६ डिसेंबर २००४ रोजी. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर काढलेला, जेमतेम एकोणीस सेकंदांचा. मध्ये केवळ चार महिने. आज ज्यांचे प्रसंग लाखो फोनवर रोज चालतात, त्या माणसाला आपली एकही क्लिप अशी फिरताना पाहायला मिळाली नाही. हे मनात आलं की त्यांच्या कामाखाली त्यांचं, लेखकाचं आणि दिग्दर्शकाचं नाव असावं असं फार तीव्रतेनं वाटतं.

४. काही गोष्टींचा तुकडा पडत नाही.

पु. ल. देशपांड्यांच्या ‘अंतू बर्वा’तले टोमणे तीस-चाळीस सेकंदांत फिरतात आणि लोक खळखळून हसतात. पण त्या टोमण्यांच्या तळाशी रत्नागिरीतल्या एका एकट्या म्हाताऱ्याचं दारिद्र्य आणि मानीपणा आहे, आणि पु. ल. आपल्याला हसवत हसवत तिथे नेतात. तुकडा ऐकणाऱ्याला अंतूशेट हा नुसता खवचट म्हातारा वाटतो. अंतूवर हा अन्याय आहे. माझ्या भाचीला मी सगळं कथन शेवटपर्यंत ऐकवलं. मध्यापर्यंत ती हसत होती, नंतर गप्प झाली आणि मग तिनं स्वतःहून पुढचं व्यक्तिचित्र लावलं.

५. छोटं म्हणूनच जन्मलेलं असेल, तर त्याचा मान वेगळा.

सगळ्याच क्लिप्स मोठ्या कामातून तोडलेल्या नसतात. २०१३ साली सुरू झालेल्या वाइन या व्हिडिओ-अ‍ॅपवर सहा सेकंदांची मर्यादा होती, आणि त्या सहा सेकंदांतही सुरुवात, वळण, शेवट रचणारे लोक निघाले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्याच वर्षी भाडिपा म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी सुरू झाली. त्यांच्या ‘आई’च्या व्हिडिओंतलं स्वयंपाकघर, तिथला वाद, मुलाचं पुटपुटणं हे मोबाइलवर पाहण्यासाठीच रचलेलं आहे. त्याला ‘नुसते व्हिडिओ’ म्हणणं मला पटत नाही. ते लेखन आहे, अभिनय आहे, संकलन आहे. एकांकिकेची जशी समीक्षा होते तशी त्यांचीही व्हायला हवी, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, नावानिशी.

६. जागा भाड्याची आहे.

२९ जून २०२०ला सरकारनं ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बांधावर नाचणारे शेतकरी, भांडी घासता घासता नक्कल करणाऱ्या बायका, अहिराणीत आणि मालवणीत बोलणारी मुलं यांना तिथे पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला होता. तो एका आदेशासरशी गेला. पुष्कळांचे व्हिडिओ कायमचे दिसेनासे झाले. मालकानं घर रिकामं करायला सांगितलं की भाडेकरूनं जावं, तसंच हे. स्वतः केलेलं काम मूळ फाइलसकट स्वतःजवळ जपून ठेवा.

७. पकडलेल्या माणसावर हसू नये.

नटानं ठरवून केलेली फजिती आणि रस्त्यावर घसरलेल्या अनोळखी माणसाची फजिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या एका शाळकरी मुलानं २००२मध्ये एकट्यानं, स्वतःपुरता, काठी तलवारीसारखी फिरवत एक व्हिडिओ काढला होता. वर्गातल्या मुलांनी तो इंटरनेटवर टाकला. जग हसलं आणि त्या मुलाला इतकं छळलं गेलं की शाळा सोडावी लागली. तेव्हा यूट्यूबही नव्हतं. आज असा व्हिडिओ तासाभरात तालुक्यापासून दुबईपर्यंत पोचतो. ज्यानं कॅमेऱ्यासमोर यायला होकार दिलेला नाही, त्याची क्लिप माझ्या फोनवरून पुढे जात नाही. घरातल्या मुलांनाही मी हेच सांगितलं आहे.

तुमच्याकडे ‘बनवाबनवी’तला एखादा प्रसंग आज ना उद्या येईलच. पुढे पाठवताना खाली चार शब्द जरूर लिहा : चित्रपटाचं नाव, साल १९८८, दिग्दर्शक सचिन पिळगावकर, संवाद वसंत सबनीस.