ताटातली मासळी आणि आपली पिशवी


पाच मिलिमीटरहून बारीक प्लॅस्टिकच्या कणांना मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात. २००४ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधाने त्याकडे जगाचे लक्ष वेधले. आपण ओढ्यात टाकलेली पिशवी खाडीवाटे समुद्रात जाते. उन्हाने, लाटांनी तिचा चुरा होतो. दिसेनाशी झाली तरी ती नाहीशी होत नाही. मासे तो चुरा गिळतात. तो बहुतांशी आतड्यांत आढळतो. मोठी मासळी आपण साफ करतो. जवळा मात्र अख्खाच खातो. म्हणून मासळी सोडावी काय? नाही, कोळी बांधवांची चूल तिच्यावर पेटते. आपण पिशवी सोडू या. बाजारात डबा नेऊ या, फाटकी जाळी किनाऱ्यावर परत आणू या.