पुरात बुडालेली नळयोजना : दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

प्रश्न : पुरात नळयोजनेचा पंप बंद पडला, शाळेची भिंत खचली. ग्रामपंचायतीला शासकीय मदत मिळेल का?
– ग्रामपंचायत सदस्य, वरठी (ता. मोहाडी)

उत्तर : मिळू शकते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. पाणीपुरवठा, रस्ते, प्राथमिक शाळा यांची तातडीची दुरुस्ती त्यात बसते. नवे बांधकाम नाही.

गाळ उपसण्याआधी तारखेसह फोटो काढा. पंचनाम्यात मोटारीची अश्वशक्ती, भिंतीची लांबी-उंची लिहून घ्या. 'मोठे नुकसान' असे मोघम नको. अभियंत्याचे अंदाजपत्रक व ग्रामपंचायतीचा ठराव जोडून गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्या आणि पोच जरूर घ्या.